उरलेल्या पट्ट्यांचे छप्पर

मी, गोपाळकृष्ण नागनाथराव मुरूमकर, वय ७१, धंदा फायबरच्या टाक्या व दारे बनविणे, राहणार उमरगा. छातीत काचेची धूळ बसली असली तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. घालणारे कोणी उरलेलेही नाही.

१) घर, बँकेतील ठेव, शेड, साचे व रोलर सून मैथिली हिला द्यावेत. पुतण्या रणधीर याला फक्त माझे घड्याळ. त्याने तिला घराबाहेर काढण्याचा सल्ला दिला होता, आणि मी तो ऐकून घेतला होता.

२) शेड जो चालवील त्याने हे ध्यानात ठेवावे. चिकट रेझिन नुसते धरून ठेवते, भार पेलतो तो धागा. आणि धागा ज्या दिशेने पसरला, त्याच दिशेने पेलतो. म्हणून काचधाग्याचे थर उभे आणि आडवे, दोन्ही टाकावेत. माझी आई भिंत लिंपताना चिखलात अंबाडीचे तंतू चहूकडून कालवायची. तिला हे कुणी शिकवले नव्हते.

३) गिऱ्हाइकाच्या टाकीत मी कधी थर चोरला नाही. घरच्या छपराच्या फायबर पत्र्याला मात्र उरलेल्या पट्ट्या वापरल्या, सगळ्या उभ्या. मुलगा उत्कर्ष म्हणाला होता, "आप्पा, आडवं कायच न्हाय की ह्यात." मी म्हणालो, "घरचंच हाय, चालतंय."

४) तीन वर्षांपूर्वी मैथिली त्याला म्हणाली, "छप्पर गळतंय, बघता का जरा?" तो वर चढला. पत्रा उभा चिरला आणि माझा एकुलता मुलगा फरशीवर पडून गेला. पत्रा उचलताच मला कळले. तरी सगळ्या गल्लीसमोर मी तिला म्हणालो, "तू धाडलंस त्याला!" तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. माझी पत्नी वनमाला सुनेच्या हातचे पाणी न घेता वारली. वनमालाला खरे सांगायचे राहिले, आणि ह्याला आता इलाज नाही.

५) तो तुटका पत्रा रेझिनच्या पिंपामागे लपवला आहे. माझ्या तेराव्याला, जेवणाआधी, तो सर्वांसमोर ठेवून कलम ३ व ४ मोठ्याने वाचावे. मैथिलीने माफ करावे असे मी लिहीत नाही.

साक्षीदार: शरणप्पा बिराजदार; महांतेश स्वामी. दोघांनी वाचून सही केली.

सही: गो. ना. मुरूमकर
ठिकाण: उमरगा. दिनांक: २ डिसेंबर २०२४

ता. क. साक्षीदारांचा चहा मैथिलीनेच आणून ठेवला. माझा कप, रोजच्यासारखा, माझ्या उजव्या हाताशी. तिला अजून काही सांगितलेले नाही. माझे तोंड उघडत नाही.