कोपऱ्यावरचं नाव

अझीझिया, जेद्दा
शुक्रवार, ८ मार्च १९९१

लाइबाच्या अब्बांना,

सलाम. आम्ही दोघी इथे बऱ्या आहोत. तुम्हीही बरेच असाल. स्वतःची काळजी तुम्ही नीट घेता, हे मला ठाऊक आहे.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. लढाई संपली, सायरन बंद झाले, कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर कतीफपर्यंत येतो आणि तुमच्या शर्टांच्या कॉलरी काळ्या होतात, बाजारात धड मासळी नाही, हॉटेलच्या जेवणाने पोट बिघडलं. सगळं वाचलं. मी फ्रीजमध्ये ठेवून आलेली सुरमई कुजली, म्हणून चांगल्या चार ओळींची तक्रार केलीत. जळली मेली ती सुरमई! लाइबाच्या वाट्याला एक ओळ आली, तीही 'अभ्यास कर' एवढीच. आणि शेवटी हुकूम: पुढच्या गुरुवारी कंपनीतले एक गृहस्थ बायकोला न्यायला गाडी घेऊन जेद्दाला येताहेत, त्यांच्याबरोबर निघा, रमजानच्या आधी घर लागलं पाहिजे.

घर लागलं पाहिजे. कोणी लावायचं ते लिहायची गरजच नाही.

इकडची खबर म्हणाल तर खाला आणि मोहियुद्दीन खालूंनी आम्हाला डोक्यावर घेतलंय. खालाने लाइबाला दोन फ्रॉक शिवले. सकाळ-संध्याकाळ ती एकच जप करते, 'शारीकसारखा जावई नशिबाने मिळतो गं. स्वतः बाँबखाली राहिला, पण बायको-पोरीला आधी बाहेर काढलं.' परवा शेजारणींना जमवून त्यांच्यासमोरही तेच. मी मान खाली घालून तांदूळ निवडत बसले. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या कौतुकाने लाजली. या अल्ला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

कारण तुम्ही आम्हाला काढलं नव्हतं. मी निघाले होते. तुमच्या त्या अरब मालकाचं, कफीलचं, प्रवासाचं पत्र आणा, नाही तर पोरीला घेऊन रस्त्यावर उभी राहते, असं मी म्हटलं, तेव्हा ते पत्र आलं. आता तुम्हीही खालूंना लिहिता, 'मी त्यांना सुरक्षित जागी पाठवलं.' शाबास. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

बरं, आज मी हे लिहायला का बसले, ते ऐका.

काल गुरुवार. लढाई थांबल्याच्या खुशीत खालू आम्हाला शराफियाला घेऊन गेले. तिथे मनीचेंजरच्या मागच्या गल्लीत सिराजुद्दीन मामूंचं छोटंसं हॉटेल आहे. पाच-सहा टेबलं, आणि एका कोपऱ्यात बायकांसाठी फुलाफुलांचा पडदा. मामू आपल्याच बाजूचे, म्हसळ्याचे. दहा माणसांइतकं बोलतात आणि गिऱ्हाइकाला हक्काने दमात घेतात. पूर्वी मदिनेकडच्या डोंगरात सोन्याच्या खाणीवरच्या कँपात ते खानसामा होते. तिथे एक म्हातारा गोरा मुकादम होता, विलायतेतल्या कॉर्नवॉलकडचा. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे खाणीत राबलेले. त्याने मामूंना आपल्या गावची एक चीज करायला शिकवली, पास्टी. दर गुरुवारी मामू त्या करतात. खालूंना पास्टीचं भारी वेड.

ताटलीत आली तेव्हा मी म्हटलं, ही तर आपली करंजी! फक्त थोराड, वीतभर लांब, तळलेली नाही, भट्टीत भाजलेली. आत गोश्ताचे बारीक तुकडे, बटाटा, कांदा, सलगम आणि नुसती काळी मिरी. करंजीला मुरड घालतो तशी एका कडेला जाड, दोरखंडासारखी मुरड. मी आपली त्या मुरडीकडूनच तोडायला लागले, तर मामू पडद्याबाहेरून ओरडले, 'अगो बिलकिस, तो दांडा आहे, दांडा! तो खायचा नाय, धरायचा!'

मग ऐकवलंन सगळं पुराण. खाणीतल्या दगडात सोमलाचं विष असतं, ते हाताला लागतं. जमिनीखाली हात धुवायला पाणी कुठलं? म्हणून मुरड धरून बाकीचं खायचं आणि हाताने मळलेली मुरड टाकून द्यायची. लाइबा ऐकतच राहिली. तिला ते इतकं आवडलं की आपले हात सोमलाचे आहेत असं धरून ती दोन बोटांनी खायला लागली. चव म्हणाल तर पहिल्या घासाला मला फिकी वाटली. मामूंना तसं सांगितलं तर तोंड वाकडं करून हिरव्या मिरचीचं लोणचं आणून आपटलं. त्याच्याबरोबर मग बरी लागली. खरं सांगायचं तर फार बरी लागली. इतके दिवस घशाखाली काही धड उतरत नव्हतं, काल उतरलं.

आणि प्रत्येक पास्टीच्या एका टोकाला पिठाचंच एक अक्षर चिकटवलेलं. माझ्या पास्टीवर बी. लाइबाच्या पास्टीवर एल.

'हे कशाला?' खालाने विचारलं.

मामू म्हणाले, 'ज्याची त्याची वळख. बायको नवऱ्याचं अक्षर लावून डबा द्यायची. नाव नसलेल्या टोकाकडून खायला सुरुवात करायची, नावाचा कोपरा शेवटी. अर्धी खाऊन ठेवली तरी जोवर नाव शाबूत, तोवर दुसरा कोणी तिला हात लावणार नाय. मग तो बाजूला उपाशी बसला असला तरी. खाणीचा कायदा.'

मी पुढचा घास घेतला नाही. लाइबा काय बोलणार, ते ती बोलायच्या आधी मला कळलं.

तिने ते अक्षर बोटाने चाचपलं आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने, इथल्या शाळेतल्या पोरांच्या त्या अर्ध्या हिंदीत विचारलं, 'अम्मी, अब्बाके मास्कपे भी उनका नाम था ना? इसलिए मुझे नहीं दिया?'

आता मी लिहिणारच. दीड महिना जे आपण दोघं बोललो नाही, ते सगळं लिहिणार.

जानेवारीतली ती संध्याकाळ. मगरीबची नमाज झाली होती, मी भाकऱ्या टाकत होते. सायरन झाला. टीव्हीवर दाखवलं होतं तसं बाथरूमची खिडकी मी आधीच चिकटपट्टीने बंद केली होती. लाइबाला घेऊन आत धावले, दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले, एक ओला टॉवेल तिच्या तोंडावर धरला. तुम्ही मागून आलात. काखेत खोका होता. कंपनीने विषारी वायूचे मास्क फक्त कामगारांना दिले, घरच्यांना नाहीत. स्टोअरकीपर तुम्हीच, वाटलेतही तुम्हीच, आणि प्रत्येक खोक्यावर पांढऱ्या रंगाने नावंही तुम्हीच घातलीत. तुमचं अक्षर सुंदर. 'शारीक' अगदी उठून दिसत होतं.

तुम्ही खोका उघडलात. मास्क तोंडाला लावलात. मागचे पट्टे एकेक करून आवळलेत. लाइबाने हात पुढे केला, 'अब्बा, मुझे?' आणि तुम्ही तिचा हात बाजूला केलात.

ढकलला नाही. मारलं नाही. आपण जेवताना माशी हाकलतो, तसा बाजूला केलात. मग कमोडवर बसून राहिलात, भिंतीकडे बघत, त्या काचांच्या डोळ्यांनी. ओला टॉवेल तोंडावर धरून आम्ही दोघी तुमच्या पायांशी.

तुम्ही म्हणाल, मोठ्या माणसाचा मास्क लहान पोराला बसत नाही. मला कळतं हो. मी बाणकोटच्या शाळेत शिकलेय, अडाणी नाही. नाही बसत. पण बसत नाही हे कळायला तरी एकदा तिच्या तोंडाला लावून बघायचा होता! एकदा! पट्टे आवळून बघायचे, नाहीच बसला तर म्हणायचं, 'नाही गं बसत, बेटा.' मग घातला असतात स्वतः, तर मी आयुष्यभर अवाक्षर काढलं नसतं. मीच आवळून दिले असते तुमचे पट्टे.

विषारी वायू आलाच नाही. सायरन थांबला. तुम्ही मास्क काढलात, गालांवर रबराचे लाल वळ होते, आणि वर मला म्हणालात, 'काही नव्हतं, उगाच घाबरतेस तू.' मी! मी उगाच घाबरते! तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती, ती मी खरवडत बसले. दुसऱ्या दिवशी लाइबाने विचारलं, तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत, 'त्याला भोक होतं बेटा, खराब मास्क तुला कसा देणार?'

तर काल शराफियात, खाला-खालूंच्या समोर, त्या पोरीने विचारलं. आणि मी काय केलं असेल? तुमचीच बाजू घेतली. दात-ओठ खाऊन म्हटलं, 'नाही गं राणी, त्याला भोक होतं, अब्बांनी सांगितलं ना?'

लाइबाने थोडा विचार केला. रागाने नाही, गणित सोडवताना करते तसा. म्हणाली, 'लेकिन अम्मी, होल था तो अब्बाने खुद क्यूँ पहना?'

खालूंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. खाला माझ्याकडे बघत राहिली. इतके दिवस तिच्या तोंडात असलेला तो जावई तिथेच, त्या टेबलावर, सगळ्यांसमोर उघडा पडला. मला वाटलं होतं, असं झालं की मला बरं वाटेल. नाही वाटलं. रडू आलं आणि रडू आल्याचाच जास्त राग आला.

पडद्याबाहेर मामूंना काय कळलं, काय नाही, अल्ला जाणे. त्यांची टकळी चालूच. म्हणाले, 'पण कँपात आम्ही एक तोड काढली होती हां. कोणाचा डबा राह्यला तर दुसऱ्याने आपल्या पास्टीचा नावाचा कोपरा मोडायचा, पयला. मोडून बाजूला ठेवायचा. नाव गेलं की मग ती सगळ्यांची. कोणी शरमून नाय म्हणायचं नाय.'

लाइबाने लगेच एलचा कोपरा मोडला. काही विचारलं नाही, कोणाकडे पाहिलं नाही. तो ताटलीच्या कडेला ठेवला, उरलेल्या पास्टीचे दोन तुकडे केले आणि मोठा माझ्यापुढे सरकवला. माझी स्वतःची अजून अर्धी होती. तरी मी तो खाल्ला.

सात वर्षांची आहे ती. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून आता नीट वाचा, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. तुम्ही घाबरलात, याचा मला राग नाही. घाबरले मीसुद्धा. मला राग आहे तो त्या बाजूला केलेल्या हाताचा, त्या भोकाचा, आणि लोकांत मिरवलेल्या शेखीचा. घाबरल्याची माफी अल्ला देईल, मीही देईन. भोकाची नाही.

मी कुठे जाणार, असं तुम्हाला वाटत असेल. खरंय, माझा इथे राहायचा परवाना, इकामा, तुमच्या नावावर, गावी जायचं तरी तुमची सही लागते. त्या जोरावर तर तुम्ही 'आता या' असं दोन शब्दांत लिहू शकता. तर मीही सांगते. गुरुवारी जी गाडी येतेय, तिच्यातून दोनपैकी एक गोष्ट जेद्दाला आली पाहिजे. एक तर तुम्ही स्वतः या. खालाच्या दिवाणखान्यात लाइबाला समोर बसवा आणि तुमच्या तोंडाने तिला सांगा, 'भोक नव्हतं. मी घाबरलो होतो.' एवढंच. मग मी त्याच गाडीत बसेन, येऊन तुमच्या कॉलरी धुईन, आणि हा विषय पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही, कसम घेऊन सांगते. नाही तर तुम्ही येऊ नका. कफीलकडून आम्हा दोघींचे पासपोर्ट सोडवा, एक्झिटचा शिक्का मारून गाडीतून पाठवा. खालू तिकिटं काढून देतील. बाणकोटला माझ्या आईचं दार उघडं आहे.

मधला रस्ता नाही. फोन करू नका, मी घेणार नाही. पैसे, भेटवस्तू, खालूंना गोड पत्र, काही चालणार नाही. गाडीचं दार उघडेल तेव्हा लाइबा खिडकीत असेल. तुम्ही याल अशी तिला खात्री आहे. मला नाही.

तो मोडलेला कोपरा तिने कागदात गुंडाळून उशीजवळ ठेवलाय. मुंग्या येतील, टाकून दे म्हटलं, तर म्हणते, 'अब्बा आये तो उनको बताऊँगी, कैसे तोड़ते हैं.'

पत्राच्या शेवटी 'तुमची' लिहायची माझ्या हाताला सवय आहे. आजही हात तिथेच गेला होता, मागे घेतला. आज फक्त नाव लिहिते, खाली, कोपऱ्यात. तो कोपरा मोडायचा की तसाच ठेवायचा, ते गुरुवारी तुम्ही ठरवा.

बिलकिस