पाण्यापलीकडचा ताप

२६ सप्टेंबर १९९४
आष्ट्याहून तीन एसट्या बदलून आज हजर झाले. दवाखाना कोयनेच्या जलाशयाला टेकून. खिडकीतून पाणीच पाणी. खोलीत पलंग आहे, नळसुद्धा! अम्मीला लिहिलं, तुझी सलिमा आता सरकारी नर्स, काळजी नको.
डॉक्टरांनी पहिलंच काम फोनचं दिलं. सुरतेत प्लेगची साथ आहे. तिथून पळून आलेल्या एका कुटुंबाला गावानं पलीकडच्या काठावर रिकाम्या बंगल्यात ठेवलंय. यंत्रमागावरचा सिद्धू, बायको बनुबाई, सहा वर्षांची प्रियंका. गोळ्या, शिधा, थर्मामीटर लाँचनं पोचवलंय. बंगल्यात फोन आहे. रोज सकाळी दहाला ताप विचारायचा, धीर द्यायचा.

२७ सप्टेंबर
सिद्धूला एकशे दोन. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. बनुबाई म्हणाली, "ताई, तुमी बोलला की लय बरं वाटतं. गावातलं कुणी काठाला बी येत न्हाई." प्रियंकानं मला पाढे म्हणून दाखवले. सातचा चुकला, तर स्वतःच हसत सुटली.

२९ सप्टेंबर
सिद्धूला एकशे चार. खोकल्यातून रक्त. लाँचवाले आप्पासो जायला तयार नाहीत. त्यांच्याही घरात पोरं आहेत. डॉक्टर वरती फोनावर फोन करताहेत. मी बनुबाईला म्हणाले, बरं होईल. मला माहीत होतं, होणार नाही.

३० सप्टेंबर
ताप उतरला, बनुबाई म्हणाली. खोकलाही थांबला. किती आहे, विचारलं.
"पारा चढतच न्हाई, ताई. गाढ झोपलेत."
छाती हलते का बघा, म्हटलं. ती बघून आली. म्हणाली, अंग गार हाय, तुमी सांगितलं तसंच झालं.
उद्या दहाला फोन करते म्हणाले आणि ठेवला. खरं सांगायला हवं होतं.

१ ऑक्टोबर
आज सांगितलं, ते गेलेत. तिनं ऐकूनच घेतलं नाही. प्रियंकाला एकशे तीन. पोरीला बापाच्या कुशीत निजवलंय म्हणाली. "त्यांचं अंग गार हाय. तिचा ताप वढून घेत्याल."
मी ओरडले. तिला उचला, बाहेर आणा — तिनं फोन ठेवला. दिवसभर लावतेय. कुणी उचलत नाही.

२ ऑक्टोबर
फोन वाजत नसला तरी कानात घंटी. डॉक्टरांना म्हटलं, मला यातून सोडवा. ते म्हणाले, ती माणसं दुसऱ्या कुणाशी बोलणार — खरं आहे. पण मी —

३ ऑक्टोबर, सकाळ
आप्पासो अखेर तयार झाले. डॉक्टर सोबत गेले. पोचायला दीड तास.
फोन. प्रियंका.
"आई बी गार झालीया. आता मी कुनाजवळ निजू?"
फोनपाशीच बस, म्हटलं. लाँच येतेय. बोलत राहा. रिसिव्हर खांद्यानं दाबून लिहितेय — लिहिलं नाही तर मी किंचाळेन —
म्हणते, बाबा हाक मारत्यात.
कुणी नाही, बाळ. जाऊ नको.
आता मलाही ऐकू येतंय. पुरुषाचा आवाज. तिच्या मागून.
पावलं. प्रियंका — प्रियंका —
रिसिव्हर उचलला कुणीतरी. श्वास नाही. खोकला नाही. म्हणतो, ताई, पोरगी माझ्याजवळ आलीया, तिचा ताप आता —