तीन बायकांची एक आजी

हैदराबाद,
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८५६

चि. नरहर यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीपासून तुझी चिठ्ठी नाही. परभणीच्या शाळेत पोरांकडून सनावळ्या घोकून घेणारा माझा नातू आजीला विसरलाच कसा, याचा मी महिनाभर विचार केला. काल उलगडा झाला. मी मेलेली आहे. तीही एकदा नव्हे, दोनदा. मेलेल्या माणसाला कोण पत्र लिहितो?

कुसुमच्या स्थळाने, म्हणजे सिकंदराबादच्या बिदरकरांनी, आपली वंशावळ मागितली. तू तिचा थोरला भाऊ. ते काम इथल्या कोठी भागातल्या कुलवृत्तांत मंडळावर टाकलेस आणि हात झटकलेस. मंडळाने झाड काढून एक प्रत आम्हाला धाडली, एक परभारे बिदरकरांना. तुझ्या आईने वाचून दाखवले. तुझ्या आजोबांना तीन बायका! पहिली तुंगा, निपुत्रिक, मयत. दुसरी लक्ष्मी, तुझ्या बापाला जन्म देऊन मयत. तिसरी रुक्मिणी, तुझ्या काकाची आई, हयात. म्हणजे मी तुझी सावत्र आजी, आणि तुझ्या आईची खरी सासू केव्हाच गेली. हे ऐकताना तुझी आई फार खुशीत दिसली.

(हे मी सासूबाईंच्या सांगण्यावरून लिहीत आहे. मी खुशीत नव्हते. — इंदुमती)

अरे, तिघी मीच. माहेरची तुंगा. आठव्या वर्षी लग्नात नाव ठेवले लक्ष्मी. आजेसासूबाईंचेही नाव लक्ष्मी, पण त्या काशीला गेलेल्या आणि परत येतील असे कुणी धरले नव्हते. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर त्या ठणठणीत परत आल्या. आता सासूबाईंना मला ओरडायचे, तर तोंडातून स्वतःच्या सासूचे नाव यायचे. तीन दिवस घरात मला कुणी रागावले नाही. चौथ्या दिवशी माझे नाव रुक्मिणी झाले.

हसण्यावारी नेले असते, पण बिदरकरांचा निरोप आला आहे, की दोन तरण्या सुना गेल्या त्या कशाने? घरात क्षय आहे का? तोवर बोलणी थांबली. कुसुम तोंडाने काही बोलत नाही. फक्त रोज आमटीत दोनदा मीठ घालते. मुलगा तिला आवडला आहे. तेव्हा मंडळाला लिही आणि मला जिवंत कर.

प्रकृतीला जप. माझी विचारू नकोस, ती तिघींत वाटली गेली आहे.

तुझी आजी


परभणी,
मार्गशीर्ष वद्य १, शके १८५६

ती. गं. भा. आजीच्या चरणी बालक नरहरचे कृतानेक साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून लाजलो. त्याच दिवशी मंडळाचे चिटणीस बाळकृष्णपंत आष्टीकर यांना लिहिले. त्यांचे उत्तर चार पानी आहे. ते म्हणतात, मंडळ ऐकीव गोष्टींवर चालत नाही, लेखी पुराव्यावर चालते. पैठणच्या उपाध्यांच्या वहीत आपल्या घरी दिलेली कन्या तुंगा आहे. बाबांना घेऊन तुम्ही त्र्यंबकेश्वरी गेलात तेव्हाच्या वहीत भार्या लक्ष्मी आहे. आजोबांमागे तुम्हाला मिळणाऱ्या वजिफ्याच्या, म्हणजे पेन्शनीच्या, उर्दू कागदावर रुक्मिणीबाई आहे. नावे तीन, म्हणून व्यक्ती तीन. पहिल्या दोघी पुढे कुठल्याच कागदात सापडत नाहीत, म्हणून मयत. तिघी एकच असल्याचा लेख दाखवावा, नपेक्षा दोघींच्या श्राद्धाच्या तिथी कळवाव्यात.

आजी, राग मानू नका, पण त्यांचे काम फार पद्धतशीर आहे. आजोबांनी तसे काही केले नव्हते ना, एवढे मनाच्या समाधानासाठी कळवावे. कुसुमचे वाईट वाटते. चूक माझी, आलेली प्रत आधी मी वाचायला हवी होती.

आपला लोभ आहे तसाच राहो.

नरहर


हैदराबाद,
पौष शुद्ध ४, शके १८५६

चि. नरहर यास आशीर्वाद.

आजोबांबद्दलचा तुझा प्रश्न मी तुझ्या आईला दोनदा वाचायला लावला. त्या माणसाला एका बायकोची चोळी कोणत्या रंगाची ते सांगता येत नव्हते. तीन कुठून सांभाळणार?

तुझे बाळकृष्णपंत घरी आले होते. वही उघडून मलाच माझ्या तिथ्या विचारू लागले. मी म्हटले, ते राहू द्या, तुमच्या बायकोचे माहेरचे नाव काय ते सांगा. एवढा विद्वान माणूस, वहीची पाने चाळू लागला. लग्नाला सव्वीस वर्षे झाली आहेत. विचारून येतो म्हणून गेला, तो आठ दिवस आला नाही.

मग मीच झटकागाडी करून सिकंदराबादला गेले. बिदरकरांचे पुरुष ओसरीवर बसले होते. त्यांना ओलांडून थेट आत, नवऱ्या मुलाच्या आजीकडे, अंबूबाईंकडे. त्याही माझ्यासारख्याच, अक्षरशत्रू. मी विचारले, लग्नाआधी आपले नाव काय होते? त्या म्हणाल्या, बनू. मी म्हटले, तुमचीही वंशावळ याच मंडळाने केली आहे ना, ती जरा वाचून घ्या. त्यांनी लेकाला हाक मारली. तो वाचायला तयार होईना. नक्को आई, नंतर, म्हणू लागला. त्यांनी डोळे वटारल्यावर वाचले. प्रथम भार्या बनू, मयत. द्वितीय भार्या अंबिका.

अंबूबाई पानाला चुना लावत होत्या, तो बोटावरच राहिला. मग त्यांनी लेकाला शांतपणे विचारले, की बाबा, मी कशाने गेले? क्षयाने का? आणि मी गेल्याचे तुम्ही मला इतके दिवस सांगितले का नाही? लेक वंशावळ गुंडाळू लागला. आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला. त्यांनी पाठ चोळत मला तुंगे म्हणून हाक मारली. नरहर, आठव्या वर्षानंतर त्या नावाने मला कुणी बोलावले नव्हते. मी हौ म्हणायचे सोडून मागे वळून पाहिले. कुणा दुसरीलाच हाक मारली असे वाटले.

माघातला मुहूर्त धरला आहे. आमटी आता नीट होते. बाळकृष्णपंत काल आले. त्यांच्या मंडळींचे माहेरचे नाव भागीरथी. सांगताना त्या बाई रडल्या, असे ते म्हणाले. त्यांनी झाड सुधारले. एका खान्यात तिन्ही नावे, पुढे हयात. खाली माझा अंगठा घेतला. आता लेखी पुरावा झाला म्हणे.

लग्नाला चार दिवस आधी ये. येताना परभणीचा हुरडा आण. कोवळा आणू नकोस, गाडीत आंबतो. भाजून, चोळून, सावलीत वाळवून आण. सोबत जवसाची चटणी, लसूण घालून. दोन पुरचुंड्या कर, एक अंबूबाईंची. आम्हा दोघींना मिळून सात दात आहेत, तेव्हा चटणी बारीक कुटायला सांग.

तुझी आजी