रांगेतली पाचवी जागा

अलोरे,
१४ सप्टेंबर २०२४

आदरणीय अपूर्वा मॅडम,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. बाबा मुंबईहून आलेत, गणपतीही नीट पार पडले. आईच्या मोदकांच्या कळ्या यंदा बिघडल्या. त्याचं खापर तिने माझ्यावर फोडलं, कारण मी खुर्चीत बसून नुसत्या सूचना देत होते. गेल्या काही दिवसांत तुमचे फोन मी घेतले नाहीत. बोलले असते तर रडले असते, म्हणून लिहितेय.

गुडघ्याची पट्टी निघाली. चालता येतं. पण उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे खो-खो संपला.

खेळाडूंसाठीचा तुमचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग मात्र रोज आठवतो. पहिल्या वर्षी आमचा अख्खा संघ अर्थशास्त्रात नापास! सरावानंतर पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. मग तुम्ही आम्हाला मैदानातल्यासारखंच बसवलंत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. उत्तर देणारीने धावत जाऊन कुणाच्याही पाठीवर थाप मारायची, "खो!" म्हणायचं, आणि तिने उठून पुढचा मुद्दा सांगायचा. थाप कधी पडेल याचा नेम नसे, त्यामुळे झोप उडायची. माझी जागा पाचवी. मृणाली मुद्दाम मलाच खो द्यायची, मेली.

गणपतीआधी मी रत्नागिरीला येऊन गेले. हॉस्टेलमधलं सामान न्यायला. संघात नाही, म्हणून खेळाडूंची खोली गेली आणि वर्गही. माझ्यासाठी तुम्ही ऑफिसात भांडलात, हे मला कळलंय. "नियम राहू दे, तुझी जागा आहे, येऊन बस," असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. म्हणून वर्गाकडे आले आणि दाराशीच थांबले. मृणाली धावत आली, पाचव्या जागेवरच्या पाठीवर थाप मारून "खो!" म्हणाली, आणि वेदिका उठली. संघात माझ्या जागी घेतलेली ती नवी मुलगी. मागणीच्या लवचिकतेचे प्रकार तिने धडाधड सांगितले. बाहेर उभी राहून मीही तेच म्हणत होते, तिच्याबरोबर, शेवटपर्यंत. आत कुणाला ऐकू गेलं नाही.

तुमचा राग नाही. जागा रिकामी ठेवून रांग पुरी होत नाही, हे मला कळत नाही का? पण फार लागलं, मॅडम. गुडघा फिरला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

आता खरं ते लिहिते. ऑक्टोबरच्या परीक्षेला मी येणार नाही. बाबा उद्या मला मुंबईला नेतायत. त्यांच्या ओळखीच्या दुकानात गल्ल्यावर काम आहे. "बाय, बसून काम हाय, पायाला तरास नाय," म्हणाले. बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मीही नको म्हटलं नाही. हॉस्टेल नाही, तर रत्नागिरीत राहू कुठे?

वेदिकेला सांगा, उठताना सगळा भार डाव्या गुडघ्यावर टाकू नकोस. मी तशीच उठले होते.

आणि मी दाराशी उभी होते, हे मृणालीला सांगू नका. तिने एकदा वळून पाहिलं असतं, तर मी आत आले असते.

अजूनही पाठीवरच्या थापेची वाट बघणारी,
तुमची
दर्शना