चांगुणाच्या दहा गुंठ्यांबाबत

मी, मच्छिंद्र रंगनाथ वाळुंज, वय ७१, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून रिटायर झालेला क्लार्क, राहणार देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडलाय. कुणी पाजलेली नाही, कुणी धमकावलेलं नाही. रागात आहे, हे खरं. राग आहे म्हणून मृत्युपत्र रद्द होत नाही, वकिलाला विचारून घेतलंय.

वकिलानं आधी मसुदा टाईप करून दिला होता. त्यात चांगुणाबद्दल तीन शब्द होते, ‘पत्नी मयत आहे’. तो मसुदा फाडला.

१. माझी बायको चांगुणा ३ जून २०२५ रोजी वारली. मुलं दोन. थोरली अंबिका, दिली मिरजगावला. धाकटा अमृत माझ्याजवळ राहतो. मी त्याच्याजवळ राहतो, असं तो लोकांना सांगतो.

२. देवळालीतलं घर माझ्या कमाईचं. ते अमृत आणि सूनबाई निवेदिता या दोघांच्या नावे, निम्मं निम्मं. शेवटचे दोन महिने चांगुणाला कुशीवर वळवायला निवेदिता होती. अमृत मीटिंगला होता.

३. आता नेवाशाची जमीन. ही चांगुणाच्या बापाची. बाप गेला तेव्हा तिचा भाऊ वाल्मिक हक्कसोडीचा कागद आणि एक साडी घेऊन आमच्या ओट्यावर बसला. बहिणीनं आपला हिस्सा भावाला लिहून द्यायचा, भावानं साडीचोळी करायची, ही आपल्याकडची रीत.

“आक्के, सही कर. दर दिवाळीला न्यायला येतो.”

“आन् न्हाई केली तर?”

“तर म्हायेर तुटलं समज.”

“तोड मग. साडी घिऊन जा माघारी, तुझ्या बायकोला व्हईल.”

मी काय म्हणालो? ‘कशाला वाईटपणा घेतेस.’ यावर ती माझ्याकडं वळली. “तुमच्या बहिनींनी गुमान सह्या केल्या, म्हनून तुमाला असं वाटतंय.” खरं होतं. मी दोन बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या. एकीला दिलेली साडी हिरवी होती. दुसरीची आठवत नाही. लाज आत्ता वाटते, तेव्हा वाटली नव्हती. हेही मृत्युपत्रात राहू दे.

चार वर्षं ती कोर्टात एकटी गेली. तीस गुंठे मिळाले, विहिरीसकट. माहेर तुटलं ते तुटलंच. एकवीस दिवाळ्या तिनं उंबरा धरून काढल्या, पण दर गुरुवारी एस्टीनं नेवाशाला गेली. पिशवीत डबा आणि खुरपं. कंडक्टर म्हणायचा, “मावशी, हत्याराचं तिकीट कुठंय?” ती म्हणायची, “त्याला पास हाय.” गुरांसाठी घास लावला, कांदा लावला. त्या कांद्यावर अंबिकाचं डी.एड. झालं आणि अमृतचा डिप्लोमा. घरी आली की पाय धुवायच्या आधी सांगायची, आज विहिरीला किती पाणी आहे. मी पेपरातून मान वर न काढता हूं म्हणायचो. आता गुरुवारी संध्याकाळी पेपर हातात घेतला की मला काही वाचता येत नाही.

४. दहाव्याला अमृतनं घाटावर वीस फुटी फ्लेक्स लावला. त्यात कॉम्प्युटरवर तिच्या गळ्यात चपलाहार घातलेला. तिनं जन्मात घातला नाही. पाच जणांनी माईकवर भाषणं ठोकली. ‘अमृतभाऊंच्या मातोश्री’, पाचही वेळा. चांगुणा हे नाव एकाच्या तोंडून निघालं नाही. माझ्या दहाव्याला फ्लेक्स आणि माईक दिसला तर हे मृत्युपत्र तिथंच मोठ्यानं वाचावं.

दुसऱ्याच दिवशी अमृतनं आम्हाला गाडीत घालून नेवाशाला रजिस्टर ऑफिसात नेलं. त्याच्या नावे हक्कसोडीचे कागद तयार होते. अंबिकाचे डोळे सुजलेले होते.

“ताई, नुसती फॉर्मॅलिटी हाय. तुला म्हायेर हाय की.”

“आईला जाऊन अकरा दिवस झालेत रे, अमृत.”

“म्हनूनच. नंतर लांबत जातं.”

तिनं सही केली. ज्या बाईनं माहेर सोडलं पण सही केली नाही, तिच्या लेकीनं तिच्याच जमिनीवर सही केली, आणि मी बाकावर बसून बघितलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, डोकं गरगरतंय. गरगरत नव्हतं. माझ्या तोंडातून ‘थांब’ निघायला पाहिजे होतं, ते निघालं नाही.

५. म्हणून चांगुणाच्या तीस गुंठ्यांतला माझा तिसरा हिस्सा, दहा गुंठे, आणि विहिरीतला माझा हक्क, मी अंबिकाला देतो. चांगुणाचं खुरपंही तिलाच.

हे तिला फोनवर सांगितलं. ती रडायला लागली. “आप्पा, मला नको. वाकडं व्हईल. राखी बांधायला कुठं जाऊ?” मी फोन आपटला. पोरीवर नाही, तो प्रश्न तिला शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांवर. अर्ध्या तासानं पुन्हा लावला, तर तिनंच विचारलं, “जेवलात का?”

६. अंबिकानं हे नाकारलं, किंवा हे दहा गुंठे भावाला लिहून द्यायला निघाली, तर ते अमृतला जाणार नाहीत. ते माझी नात संस्कृती, वय १३, अमृतची एकुलती लेक, हिला जातील. ती सज्ञान होईपर्यंत निवेदिता सांभाळील, अमृत नाही. वकील म्हणतो ही अट कोर्टात किती टिकेल सांगता येत नाही. टिकेल तेवढी टिकू दे.

अमृत, तुला ते दहा गुंठे पाहिजेच असतील तर कागद घेऊन स्वतःच्या पोरीपुढं बसावं लागेल. तिला समजावून सांगायचं की बापाच्या घरी येत राहायचं असेल तर आजीची जमीन सोडावी लागते. मी तेव्हा नसेन. सांग तिला.

वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

मच्छिंद्र रंगनाथ वाळुंज

साक्षीदार:
१. वैजनाथ कोंडिराम ढूस, रिटायर शिक्षक, देवळाली प्रवरा
२. केशरबाई नामदेव होले, शेजारीण, देवळाली प्रवरा

ठिकाण: राहुरी
दिनांक: १८ ऑगस्ट २०२५