दम खाणारी सीडी

९ जुलै २००६, रविवार

सीडी परत करायला गेले. दुसऱ्यांदा. पहिली लावली तर टीव्ही काळाठिक्कर. ही दुसरी लावली तर मशीन म्हणतं, डिस्क वाचता येत नाही. माझ्या क्लासातली पोरंही हेच म्हणतात, पण त्यांची पुस्तकं निदान फाटकी नसतात.

राजारामपुरीत आमच्या क्लासच्याच बोळात या मिलिंदचं दुकान. गेमच्या जुन्या सीड्या घेतो, विकतो. भांडले चांगलीच. "विकताना बघत नाही का रे?" तर हसतो. "मॅडम, सेकंडहँड म्हणजे हॉस्टेलच्या पोरांच्या हातनं आलेला माल. चालला तर नशीब." तिसरी दिली. ट्रकचा गेम. ट्रकचाच पाहिजे हे मीच सांगितलं होतं.

सगळी खटपट मामांच्या उजव्या हातासाठी. (सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या.) शिमग्यात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, हात लोंबतोच. फिझिओवाल्या मुलीने दाबायला रबरी बॉल दिला, तो मामांनी खिडकीतून भिरकावला. "मी काय लिंबं पिळायला बसलोय?" शेवटी तीच म्हणाली, बोटं हलतील असं त्यांच्या आवडीचं काहीतरी बघा. जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला दुसरं काय आवडणार? दीर दुबईला जाताना त्याचं गेमचं मशीन माळ्यावर टाकून गेलाय, ते काढलं.

मामा अजून आतल्या खोलीत दार लावून जेवतात. आत्या भरवतात. डाव्या हाताने जेवणार नाहीत, सुनेसमोर भरवून घेणार नाहीत. आत्यांनी नवस बोललाय. नृसिंहवाडीला प्रसादाच्या पंगतीत मामा स्वतःच्या हाताने जेवतील. कधी, ते दत्ताला ठाऊक.

१२ जुलै

चालली! म्हणजे, चालली असं म्हणायचं. सीडीवर ओरखडे असे की कुणीतरी तिच्यावर मिरच्या चिरल्या असाव्यात. कडेला च्युइंगगम चिकटलेलं, ते मी नखाने खरवडलं.

मामांच्या मांडीवर उशी, उशीवर रिमोट. उजवा अंगठा मी बटणावर ठेवून दिला. दाबलं की ट्रक पळतो. निम्मा घाट चढला आणि गाडी अडकली. चित्र थिजलं, इंजिनचा आवाज एकाच सुरात घुर्रर्र. मी बंद करायला उठले, तर मामा ओरडले.

"हात लावू नगंस! चढाला हाय गाडी. सोडली तर मागं येईल की."

अंगठा बटणावर तसाच. थरथरत होता, पण होता. बराच वेळ तसे बसलो दोघं. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मग मशीनच्या पोटात काहीतरी खरखरलं आणि ट्रक निघाला.

"बघ. दम घेतला तिनं."

शिमग्यापासून मामा माझ्याशी एवढं पहिल्यांदाच बोलले.

२१ जुलै

रोज तेच. घाटातल्या त्याच वळणावर अडकते. अडकली की मामा बटण सोडत नाहीत आणि गाडी निघेपर्यंत बोलत राहतात.

आज फोंडा घाटातलं. कोल्हापूरहून गूळ भरून कोकणात निघालेले, एक्सल तुटला, वर पाऊस. गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, ताडपत्री आणि हे बाहेर भिजत. टपरीवाल्या बाईने नाचणीची भाकरी दिली आणि नवऱ्याचा कोरडा सदरा. "नाव बी इचारलं न्हाई मी तिचं," म्हणाले. पुढचं सांगणार तेवढ्यात गाडी सुटली आणि मामा गप्प. वळणावर लक्ष पाहिजे.

या घरात येऊन नऊ वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मामा माझ्याशी जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावेल. बहुतेक वेळा "चहा" आणि "हे आलं का?" हे म्हणजे माझे यजमान, जे कंपनीच्या कामावर सदानकदा बाहेरगावी. सासरा फटकळ, तापट, असंच मी माहेरी सांगत आले. ते खोटं नाही म्हणा. पण त्याच्या पोटात एवढे घाट आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

५ ऑगस्ट

सीडीवर गल्लीतल्या प्रत्येकाकडे औषध. शेजारच्या काकू म्हणतात टूथपेस्ट चोळ. वरच्या मजल्यावरचे म्हणतात केळ्याची साल. क्लासातला एक शहाणा म्हणतो, सर, मॅडम, फ्रीजमध्ये ठेवा. (मी सरही आणि मॅडमही.) मिलिंद म्हणाला, काही करू नका, मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. "नाहीतर आणा, बदलून देतो. तुमचा रोजचा वैताग नको."

घरी सांगितलं. मामा रिमोट छातीशी धरून बसले. "बदलायची न्हाई. ह्या गाडीची खोड मला कळलीया."

१८ ऑगस्ट

फिझिओवाली आली होती. अंगठा तपासला, परत तपासला. "आजोबा, हा अंगठा कुठून आणलात?" मामांनी टीव्हीकडे बोट केलं. बोट! उजव्या हाताचं!

गेम लावून दाखवला. घाटात अडकल्यावर ती मामांच्या हाताकडेच बघत राहिली. म्हणाली, नुसतं टकटक दाबण्याने एवढं झालं नसतं. हे जे दाबून धरून ठेवतात ना, त्याने ताकद आली. "मी सांगितलं असतं तर धरलं असतं का त्यांनी?"

छे. माझ्याही सांगण्याने नसतं धरलं.

मग आभार कुणाचे मानायचे? हॉस्टेलच्या त्या पोरांचे, ज्यांनी सीडी फरशीवर फेकली, तिच्यावर चहाचा कप ठेवला, कव्हर हरवलं. बाबांनो, कुठे असाल तिथे सुखी राहा. अभ्यास करा जरा.

३ सप्टेंबर

गणपतीत घर भरलेलं. गारगोटीहून मामांच्या बहिणी आल्या. पंगत बसली, मामांचा पाट मांडला. मामा आत गेले, दार लावलं. आत्या ताट घेऊन मागोमाग. धाकट्या आत्यासासूबाई म्हणाल्या, "दादाला अजून भरवावंच लागतंय व्हय गं?" मोठ्याने. दाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मी वाढताना आमटी सांडली. मुद्दाम नाही. त्यांच्या लुगड्यावर सांडली एवढंच.

दुपारी भाकरीचा तुकडा मोडून दाखवला मामांनी मला. मोडता येतो. तोंडापर्यंत जात नाही. अर्ध्यावर हात थांबतो आणि पडतो.

१ ऑक्टोबर, रविवार

खंडेनवमी. सकाळी क्लास होता, जादा तास. आले तर देवासमोर मांडामांड झालेली. विळी, कोयता, मामांचा जुना जॅक, पाने, माझा कंपास, सगळं लखलखीत. आणि मधोमध पाटावर सीडी. चकाकत्या बाजूवर हळद-कुंकू, वर शेवंतीचं फूल.

आत्यांनी ती चिंचेने घासली होती. तांब्यासारखी. दोन्ही बाजूंनी, काथ्याने, मनापासून. पदराला हात पुसत म्हणाल्या, "त्यांचं हत्यार हाय की ते. हात दिला त्यांस्नी. सगळ्यांत आधी त्येलाच कुंकू लावलं."

तोंडावर आलेलं गिळलं. आयुष्यात पहिल्यांदाच गिळलं असेल.

आज हत्याराला हात लावायचा नसतो, म्हणून मामांनी गेम मागितला नाही. बरं झालं.

२ ऑक्टोबर

दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी. एक सुट्टी बुडाली, ते वेगळंच.

पूजा हलवल्यावर सीडी धुऊन, पुसून लावली. काही नाही. परत लावली. मशीन फिरतं, खरखरतं, हार मानतं. आत्या दारात उभ्या. त्यांना कळलं. मामांना तर आधीच कळलं होतं बहुतेक.

तशीच मिलिंदकडे गेले. कुलूप. शेजारचा टेलर म्हणाला, "घरच्या सगळ्यांस्नी घेऊन नागपूरला गेलाय की, दीक्षाभूमीवर. चार दिवस तरी न्हाई येत."

आत्या जेवायला बसेनात. संध्याकाळी सोनं द्यायची वेळ झाली. मामा खुर्चीतून उठले, आपट्याचं पान घेऊन आत्यांसमोर गेले. "घे. आणि गप जेव. एवढ्यासाठी उपाशी मरतीस व्हय?" आत्या रडायला लागल्या, मग हसल्या, मग जेवल्या.

हे लिहिताना आत्ता लक्षात आलं. पान उजव्या हाताच्या चिमटीत होतं. आम्हा तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

७ ऑक्टोबर

मिलिंद आला. सीडी उजेडाकडे धरली, तर बारीक बारीक भोकांतून पलीकडचा बल्ब दिसला. "मॅडम, खालच्या बाजूचे ओरखडे पॉलिशनं जात्यात. चित्राची बाजू घासली की संपलं. गाणं असो की गेम, सगळं त्या बाजूला चिकटलेलं असतंय." चिंचेचं सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, "आमची आईबी असंच करती. जीव लावला की घासून काढायचं."

त्याच गेमची दुसरी सीडी दिली, जवळजवळ कोरी. वर नागपूरची संत्राबर्फी, आत्यांसाठी. जुलैत मी या माणसाला काय काय बोलले होते!

८ ऑक्टोबर

नवी सीडी. घाट एका दमात चढला, वळण कधी गेलं कळलंच नाही. पहिल्यांदाच गाडी बंदरावर पोचली. समुद्र, बोटी, टाळ्यांचा आवाज. मामांनी रिमोट बाजूला ठेवला.

"झालं? एवढंच?"

मी शेजारी स्टुलावर नुसतीच बसून. गोष्ट नाही, काही नाही.

१४ ऑक्टोबर

मंगळवारी मिलिंदला म्हटलं, यापेक्षा खराब आहे का रे? तो म्हणाला, "आजवर असं गिऱ्हाईक आलं न्हाई." काउंटरखालच्या खोक्यातून टाकाऊ माल काढून दिला. एक सुरूच होत नाही. दुसरी सपाटीला अडकते. मामा भडकले. "सपाटीला कोण थांबतंय? येडं हाय काय?"

परत नवीच लावली. चार दिवस झाले, मामा एकदा खेळतात, बंदरावर पोचतात, झोपतात. अंगठा पुन्हा ढिला पडतोय की मलाच तसं वाटतंय?

१७ ऑक्टोबर

आज नवीच सीडी. घाट सुरू झाला. नेहमीच्या वळणावर गाडी थांबली. मला वाटलं, हीपण गेली. बघते तर चित्रावर थांबल्याची खूण. मामांनी स्वतः थांबवली होती. मधलं ते बारीक बटण, तिथपर्यंत अंगठा स्वतः नेऊन.

"मामा, गाडी मागं येईल की."

"हँडब्रेक लावलाय." मग म्हणाले, "तर त्या टपरीवाल्या बाईचं सांगत होतो. सदरा परत द्याया गेलतो मी, पुढल्या खेपेला..."

सदऱ्याची सगळी गोष्ट ऐकली. टपरी उठून गेली होती. सदरा अजून आहे म्हणे, ट्रंकेत. मला दाखवायचं कबूल केलंय. मी फार नशीबवान बाई आहे. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

४ नोव्हेंबर, शनिवार

उद्या नृसिंहवाडीला जायचं ठरलंय. आत्यांनी नवसाची तयारी केली. मामा "जाऊ" एवढंच म्हणाले.

दुपारी मी आणि आत्या स्वयंपाकघरात पानं घेत होतो. मामा आले. आतल्या खोलीत नाही गेले. माझ्यासमोरच्या पाटावर बसले. "वाढ."

आमटी-भात वाढला. मामांनी भात कालवला, घास केला, उचलला. अर्ध्यावर आला आणि थांबला, नेहमीच्याच ठिकाणी. आत्या पुढे झुकल्या, मी त्यांचं मनगट धरलं. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हटलं.

हात तिथेच. वर जाईना, पण खालीही येईना. दोन शितं ताटात पडली. मामांच्या कपाळावर घाम.

"अगं, बघत काय बसलाय दोघी?" मामा म्हणाले. "जेवा की. चढ हाय."

मी आत्यांचं मनगट सोडलं. आम्ही जेवायला लागलो.