डगचं घुबड आणि माझी नोकरी

९ एप्रिल २००२, मंगळवार. शॉमबर्ग, शिकागोजवळ.

आजपासून रोजनिशी. कारण आज इतिहास घडला.

लंचनंतर डगने केबिनमध्ये बोलावलं. डग म्हणजे माझा मॅनेजर. सध्या ऑफिसात दुसरा विषयच नाही: याच महिन्यात ले-ऑफ, आणि आमच्या टीममधली नावं डगच देणार. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की चंबूगबाळं आवरून नागपूर. ग्रीन कार्ड अर्ध्यावर लटकलेलं, ते मुसळ केरात.

पण डगने दार लावून काय विचारावं? तर पुढच्या आठवड्यात अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पक्षी बघायला येतोस का! चार दिवस, भाड्याची गाडी घेऊन.

झालं असं होतं की फेब्रुवारीत जेवताना मी सहज बोलून गेलो होतो की मी लहानपणापासून बर्डवॉचर आहे. हे खोटं नाही. नागपुरात गलोल घेऊन हिंडायचो तेव्हा दिवसभर पक्ष्यांकडेच बघायचो. नेम एकदाही लागला नाही, त्यामुळे ते शुद्ध निरीक्षणच झालं.

ज्याला काढायचंय त्याला कोणी सहलीला नेतं का? शेजारच्या क्यूबिकलमधल्या प्रतापला हाच प्रश्न विचारला. तो नुसता 'हं' म्हणाला. जळतो मेला.

१३ एप्रिल, शनिवार

बायनॉक्युलर्स आणली. बाल्कनीतून प्रॅक्टिस सुरू केली. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने फटकन पडदा ओढला आणि अर्ध्या तासात अपार्टमेंटच्या ऑफिसातून फोन आला. प्रॅक्टिस बंद. या देशात अभ्यासू माणसाची कदर नाही.

रेणू (बायको) किचनमधून ओरडली की समोरच्या झाडावर लाल छातीचा पक्षी बसलाय, तो तरी बघ. मी बायनॉक्युलर्स फोकस करेपर्यंत उडाला. असं मध्येच ओरडल्यावर काय दिसणार, कप्पाळ!

रेणूचं आणखी एक म्हणणं: डग कमी बोलणारा माणूस आहे, तर चार दिवस तूही जरा तोंड आवर. मी सांगितलं की तिला कॉर्पोरेट जग कळत नाही. गप्प बसणाऱ्यांनाच आधी काढतात.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठायचं. पक्ष्यांची नावं पाठ करायची. आणि डगला गाडीत क्षणभरही कंटाळा येऊ द्यायचा नाही.

१४ एप्रिल, रविवार

साडेनऊला उठलो. अ‍ॅरिझोना आपल्यापेक्षा दोन तास मागे आहे. त्या हिशेबाने ठीकच.

१८ एप्रिल, गुरुवार. टूसॉन, मोटेल.

पोचलो. ओहेअर एअरपोर्टवर सिक्युरिटीने बायनॉक्युलर्स, कागदपत्रांची फाइल आणि रेणूने दिलेला चिवडा, सगळं उपसून बघितलं. चिवड्याचा वास घेतला. घ्या ना थोडा, म्हटलं. तर बूटपण काढायला लावले. डग पलीकडे शांतपणे उभा. स्थितप्रज्ञ माणूस.

वाळवंट म्हणजे नुसतं ऊन आणि दोन-दोन मजली उंच निवडुंग. डग काच खाली करून पक्ष्यांचे आवाज ऐकत ड्राइव्ह करतो. धूळ किती येत होती! मी काच वर करून एसी लावला. त्याने परत खाली केली. मग मी त्याला आपल्याकडच्या माळढोकाबद्दल सांगायला घेतलं. बघितलेला नाही, पण माहिती पक्की आहे.

जेवताना डगने फोर्क खाली ठेवला आणि म्हणाला, मो (मोरेश्वर त्याला जमत नाही), एका विषयावर बोलायचं होतं. मी लगेच ओळखलं. प्रमोशन! पण एवढ्यात हावरटपणा दाखवायचा नाही, म्हणून मी घाईघाईने माळढोकाचा उरलेला भाग पूर्ण केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा फोर्क उचलला. ऐकणारा असावा तर असा.

१९ एप्रिल, शुक्रवार. सकाळ.

पाचला उठलो! (डगने दार ठोठावलं.) चहा नाही. या लोकांचं पोट कॉफीवर कसं साफ होतं देव जाणे.

एक घटना. पक्षी बायनॉक्युलर्समध्ये नीट मावावा म्हणून उलटा सरकत असताना एका काटेरी निवडुंगावर बसलो. म्हणजे तोच येऊन चिकटला. अख्खा लाडूएवढा गोळा, पँटच्या मागच्या बाजूला. डग म्हणाला, हाताने ओढू नकोस, कंगवा लागेल. त्याला टक्कल, त्याच्याकडे कुठला कंगवा! माझ्या खिशात कायम असतो. मग भर रस्त्यात मी गाडीच्या बॉनेटवर हात टेकून ओणवा, आणि माझा मॅनेजर माझ्याच कंगव्याने एकेक काटा उपटतोय. डोळ्यांतून पाणी काढलं मेल्याने. पण एवढी जवळीक प्रतापला जन्मात मिळेल का?

तासाभराने.

शुभशकुन! डगने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, म्हणाला, मो, ऑफिसबद्दल मला तुला... आणि तेवढ्यात समोरून एक लांब शेपटीचा पक्षी तुरुतुरु रस्ता ओलांडून गेला. चोचीत सरडा. साक्षात भारद्वाज! रंग आपल्याकडचा नाही, पण इथे टोमॅटोलासुद्धा आपल्याकडची चव नाही, म्हणून तो टोमॅटो नाही का? सकाळी सकाळी भारद्वाज दिसला म्हणजे काम फत्ते. मी खाली उतरून हात जोडले. डग म्हणाला, रोडरनर आहे, इथे खूप असतात. मी सांगितलं की नाव काही असो, आमच्याकडे याचं दर्शन झालं की अडलेलं काम होतं. डग स्टिअरिंगकडे बघत राहिला. मग म्हणाला, असेल. गाडी सुरू केली.

आता माझी नोकरी कोणी हलवू शकत नाही.

संध्याकाळ.

बॉर्डर जवळ असल्यामुळे हायवेवर चेकपोस्ट. ऑफिसर माझ्या गळ्यातली बायनॉक्युलर्स बघून जरा रेंगाळला. फाइल तयारच होती. पासपोर्ट, व्हिसा, ऑफर लेटर, डिग्री, झालंच तर लग्नाचं सर्टिफिकेट. काम कुठे करता, विचारलं. मी कंपनीचं नाव ठणकावून सांगितलं, आणि हे शेजारी बसलेत तेच माझे मॅनेजर, यांना विचारा, मी टीममध्ये आहे की नाही! ऑफिसर डगकडे बघायला लागला. डगने आहे म्हणून सांगितलं, पण फार हळू. त्याला बहुधा उन्हाने थकवा आलाय.

२० एप्रिल, शनिवार. सकाळ.

डगचं खरं टार्गेट आज कळलं. घुबड! चिमणीएवढं असतं म्हणे, जगातलं सगळ्यात छोटं. सुतारपक्ष्याने निवडुंगात केलेल्या भोकात राहतं आणि अंधार पडायच्या जरा आधी तोंड बाहेर काढतं. डग दर वर्षी त्याच्यासाठी येतो आणि दर वर्षी हुकतं.

माझी पंचाईत. ले-ऑफच्या तोंडावर घुबडाचं तोंड बघायचं? आमच्या आईला नुसता घुबडाचा फोटो दाखवला तरी ती मान फिरवते. मी स्वतः सायंटिफिक विचारांचा आहे. पण उगाच रिस्क कशाला?

तोडगा काढला: बायनॉक्युलर्स डोळ्यांना लावायची आणि आत डोळे मिटून घ्यायचे.

रात्री, मोटेलवर.

निवडुंगासमोर स्टूल टाकून बसलो होतो. डगने बजावलं होतं की हलायचं नाही, बोलायचं नाही, चिवड्याची पिशवी गाडीतच ठेवायची. डग दगडासारखा बसला. माझ्या पायाला मुंग्या, पाठीला खाज, जिथे काटे काढले तिथे ठणका. एक सेकंद चैन नाही. आणि मग डोक्यात किडा वळवळला: गाडी लॉक केली का?

आता घराला कुलूप लावल्यावर ते ओढून बघायचं, ही आपली पद्धत. आमचे बाबा तर चौकापर्यंत जाऊन परत यायचे कुलूप ओढायला. संस्कार जातात कुठे? पिशवी ठेवायला डगकडून घेतलेली किल्ली माझ्याकडेच होती. खिशातल्या खिशात तिचं बटण दाबलं. खात्रीसाठी पुन्हा दाबलं.

त्याच क्षणी डगने माझा दंड घट्ट धरला. भोकात काहीतरी हललं होतं.

पोंऽऽ!

दुसऱ्यांदा दाबलं की हॉर्न वाजतो, हे भाड्याच्या गाडीवाल्याने सांगायला नको? अख्खी दरी दणाणली. डगची बायनॉक्युलर्स डोळ्यांपर्यंत पोचलीसुद्धा नव्हती. मग काळोख होईपर्यंत बसलो. भोकातून कोणी बाहेर आलं नाही.

गाडी मात्र लॉक होती.

परतताना डगचा मूड बरा व्हावा म्हणून मी घुबड न दिसण्याचे फायदे समजावून सांगत होतो. अर्ध्या वाटेत त्याने गाडी थांबवली, कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि खदाखदा हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. हसणं थांबलं तरी बराच वेळ पुसत होता. म्हणाला, मो, तू फार चांगला माणूस आहेस.

हे वाक्य लक्षात ठेवायचं. अप्रेझलला कामाला येईल.

२१ एप्रिल, रविवार. टूसॉन एअरपोर्ट.

घसा पार बसलाय. धूळ, आणि चार दिवसांचं बोलणं. सकाळपासून आवाजच फुटत नाही. डगला गुड मॉर्निंगसुद्धा हातवाऱ्यांनी केलं.

गेटपाशी त्याने मला कॉफी आणून दिली. शेजारी बसला. आणि बोलला.

लिस्ट आम्ही निघायच्या आधीच वर गेली होती. माझं नाव आहे. त्याने दोनदा काढून बघितलं, वरच्यांनी दोनदा परत घातलं. मंगळवारी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून सांगणार आहेत. त्याआधी मला एकट्याला, मोकळ्या हवेत, माणसासारखं सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती. गुरुवारी जेवताना सांगणार होता. शुक्रवारी गाडी कडेला घेतली ती त्याचसाठी. पण तू बोलायचा थांबतच नव्हतास, म्हणाला. आणि त्या पक्ष्याला नमस्कार करून इतका खूश झालास की मला धीर झाला नाही.

मी हवेत उडणारा पक्षी काढून दाखवला आणि भुवया उंचावल्या. म्हणजे, मग मला आणलंच कशाला?

त्याला ते कळलं. म्हणाला, तुला पक्ष्यांतलं काही कळत नाही हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पण एवढ्या वर्षांत ऑफिसातल्या एकाही माणसाने माझ्यासाठी पक्ष्यांबद्दल खोटं बोलायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते.

यावर बोलण्यासारखं खूप होतं. आवाज नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि ऐकलं ते हे. रडू आलं. डगने पेपर नॅपकिन दिला, तो चिवडा पुसून मळका झालेला.

त्याच दिवशी, घरी. जेवणानंतर.

रेणू घ्यायला आली होती. गाडीत बसल्यापासून तिचं सुरू. तिने नागपूरला फोन करून आईला सांगितलंय की साहेब स्वतः बरोबर घेऊन गेले, आता काळजी नाही. आईने कॉलनीत पेढे वाटले. शेजारच्या गुरुदत्त आणि भावनाला रेणूने शनिवारी जेवायला बोलावलंय. आणि तिच्या आई-बाबांना कळवून टाकलंय की खुशाल या, आता आम्ही इथेच आहोत.

मग तिने विचारलं, तुझं सांग ना, डग काय म्हणाला?

मी गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. ती म्हणाली, अगंबाई, एवढं बोललास? थांब, हळदीचं दूध करते.

दूध प्यायलो. घसा खरं तर विमानातच सुटला होता.